डोंगर फिका, गोठा काळा: घाटमाथ्यावरचे फोटो दरवेळी का बिघडतात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो लावायला बसलो. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा धरणाला वळसा घालणारा रस्ता मी सहा वर्षांत नऊ वेळा गाडीनं केला आहे. प्रत्येक वेळी मनात चित्र एकच होतं: पुढे जुना कौलारू गोठा, मागे सह्याद्रीचा कडा. नऊही फेऱ्यांत दोष मात्र तोच. गोठा काळाकुट्ट, आकाश पांढरंफटक, आणि गावात उभं असताना अंगावर आल्यासारखा वाटणारा रतनगड फोटोत वारुळाएवढा. मधल्या काळात कॅमेरा बदलला, लेन्स बदलली. दोष हलला नाही.

गाडी दरवेळी तापते अशी तक्रार घेऊन मेकॅनिककडे गेलं की तो आधी विचारतो, कधी तापते? चढावर की ट्रॅफिकमध्ये? मी तसंच केलं. प्रत्येक फोटोची वेळ, फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा, लहान असेल तितकं दृश्य रुंद, मोठा असेल तितकं जवळ ओढलेलं) आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं हे वहीत उतरवून काढलं. वेळ आणि फोकल लेंथ फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेली असते, फोनच्या गॅलरीत ‘तपशील’ उघडला तरी दिसते. दिशा नकाशावरून काढता येते. दोन संध्याकाळी गेल्या, पण दुखणं सापडलं. बहुतेक सगळे फोटो सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यानचे, २४ ते २८ मिमीवर काढलेले, आणि गाडीपासून वीस-पंचवीस पावलांच्या आत उभं राहून काढलेले होते.

पुण्याहून सहाला निघायचं, नारायणगावला चहा-नाश्ता, मग आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचेपर्यंत अकरा. अंधारात घाटरस्ता नको म्हणून साडेतीनला परत फिरायचं. फोटोची वेळ मी निवडतच नव्हतो, ती प्रवासाच्या वेळापत्रकातून उरत होती. तुमचेही फोटो असेच येत असतील तर नवी लेन्स घेण्याआधी ही तीन खाती तपासा: वेळ, दिशा, अंतर. कॅमेऱ्याची बटणं त्यानंतर.

आधी ऊन कुठं पडलंय ते बघा

डोंगर फिका आणि गोठा काळा, हे दोन वेगळे दोष वाटतात. मूळ एकच आहे. डोंगरावर एक ऊन असतं आणि गोठ्यावर दुसरं, किंवा गोठ्यावर ते नसतंच. आपला डोळा दोन्हीकडे आळीपाळीनं जुळवून घेतो, म्हणून तिथं उभं असताना काहीच खटकत नाही. कॅमेऱ्याला एका फोटोसाठी एकच माप धरावं लागतं. दोघांवर एकच ऊन असेल तेव्हाच दोघं एका फोटोत मावतात. बाकी सगळे उपाय मलमपट्टीचे.

भंडारदरा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला इथं दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या उन्हात छपराचा उतार भाजून पांढरा पडतो आणि वळचणीखालची भिंत, म्हणजे गोठ्याचा खरा चेहरा, स्वतःच्याच छपराच्या सावलीत बुडते. घाटमाथ्यावरची छपरं पावसाच्या माऱ्यासाठी पार खाली, काही ठिकाणी माणसाच्या खांद्यापर्यंत उतरवलेली असतात, त्यामुळे ही सावली फार दाट पडते. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. ऊन तिरपं राहतं, वळचणीच्या आत शिरतं, कामाची वेळ वाढते.

पण हिवाळ्यात एक वेगळीच अडचण येते आणि ती मी तीन वर्षं ओळखली नाही. साम्रदच्या वाटेवर एक गोठा आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, एका कोपऱ्यात लिंपण गळून काठ्या उघड्या पडलेल्या. त्याची सुंदर बाजू उत्तरेकडे आहे. मी तीन हिवाळे तिथं थांबलो आणि तिन्ही वेळा भिंत निळसर, मेलेली आली. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर त्या सहा महिन्यांत ऊन पडतच नाही. तो गोठा एप्रिल-मेच्या सकाळचा किंवा पावसाळी ढगाळ दिवसाचा आहे. हिवाळ्यात त्यासाठी थांबून उपयोग नाही.

इथल्या अक्षांशावर जूनच्या आणि डिसेंबरच्या सूर्योदयाच्या जागांत जवळजवळ ५० अंशांचा फरक असतो. हात पुढे ताणून पंजा पसरला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत साधारण २० अंश भरते. म्हणजे अडीच विती. मित्रानं मे महिन्यात काढलेला फोटो बघून तुम्ही डिसेंबरात त्याच जागी, त्याच वेळी उभे राहिलात तर ऊन दोन वितींहून जास्त सरकलेलं असणार. ‘जागा तीच, वेळ तीच, तरी फोटो तसा का येत नाही’ याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

आता या रस्त्यापुरतं सांगतो. रतनवाडीतून रतनगड पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे दिसतो. त्याच्यावर ऊन सकाळी. दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो, मग गडाची नुसती काळी-निळी आकृती उरते आणि तुम्ही काहीही केलंत तरी कड्यावरचे थर दिसत नाहीत. बारीतून कळसूबाईचंही तसंच, गाव पूर्वेला आणि शिखर पश्चिमेला, म्हणून सकाळ. भंडारदऱ्याहून मात्र कळसूबाईची रांग उत्तरेकडे आहे, साम्रद-घाटघर भागातून अलंग-मदन-कुलंग उत्तरेकडे आहेत. त्यांची आपल्याकडची बाजू दक्षिणेची, म्हणून हिवाळ्यात त्यांच्यावर दिवसभर ऊन राहतं आणि सकाळ-संध्याकाळ बाजूनं पडतं. एकाच दिवसात सगळं करायचं असेल तर सकाळ रतनवाडीला द्या आणि संध्याकाळ घाटघरला. उलट फेरी मारलीत तर रतनवाडीत उन्हाच्या विरुद्ध जाल. पुढे हरिश्चंद्रगडाला जाणार असाल तर कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथं सकाळी जाऊन कड्यावर ऊन शोधू नका.

सूर्याची दिशा दाखवणारी ॲप आहेत, मीही वापरतो. पण त्यांना समोरची टेकडी, आंब्याचं झाड किंवा शेजारचं घर कळत नाही. त्यासाठी मला मिळालेला सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. घरच्या माणसाला विचारायचं.

रतनवाडीत एका घरामागच्या गोठ्यापाशी मी दुपारी घुटमळत होतो. ओट्यावर आजी नाचणी पाखडत होत्या.

“आजी, गोठ्याचा फोटो काढला तर चालेल का?”

“काढ की. पण आता काय दिसायचं त्यात? सकाळी ये. गुरं सोडायच्या टायमाला ऊन दारात असतं.”

“किती वाजता साधारण?”

“गडाचं टोक लाल झालं की चहा ठेव. चहा पिऊन ये.”

ज्या घरात वाळवणं घालतात, नाचणी-वरई सुकवतात, त्या घराला अंगणातलं ऊन कुठल्या महिन्यात कुठपर्यंत येतं हे पाठ असतं. त्या रात्री मी गावातच राहिलो. सकाळी आधी रतनगडाचं टोक तांबूस झालं, मग ऊन कड्यावरून हळूहळू खाली उतरलं, मग धरणाकडच्या बाजूनं येऊन कौलांवर टेकलं आणि शेवटी गोठ्याच्या दारात आलं. शेजारच्या घरातल्या चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून उन्हात तरंगत होता. दहा-बारा मिनिटं गड आणि गोठा एकाच रंगाच्या, एकाच ताकदीच्या उन्हात होते. कॅमेरा साध्या सेटिंगवर होता. कुठलीही कसरत न करता आकाश निळं आलं, भिंतीवरचे बोटांचे ठसे आले आणि गडाचे थरही आले. नऊ फेऱ्यांत जे जमलं नव्हतं ते मुक्काम केल्यावर जमलं.

थांबणं शक्य नसेल तर

मुक्काम सगळ्यांना जमत नाही हे मला ठाऊक आहे. सोबत लहान मुलं असतात, सुट्टी एका दिवसाची असते. दुपारीच फोटो काढायचा असेल तर निदान नुकसान कुठं होऊ द्यायचं हे आपण ठरवावं.

दुपारचं आकाश आणि गोठ्याच्या आतला अंधार यांत दहा स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे दहा स्टॉप हजारपटीहून जास्त झाले. कॅमेरा जेव्हा आपोआप मोजतो तेव्हा तो चौकटीतल्या सगळ्या उजेडाची मधली राखाडी सरासरी गाठायला बघतो. चौकटीत आकाश जास्त आलं की गोठा काळा, गोठा जास्त आला की आकाश पांढरं. आकाशातला पांढरा झालेला भाग नंतर कशानंही परत येत नाही, कारण तिथं काही नोंदलेलंच नसतं. सावलीतला भाग, फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, काढला असेल तर, बराच वर ओढता येतो. म्हणून मोजमाप आकाशाच्या बाजूनं करा: हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका, गोठा पडद्यावर अंधारा दिसला तरी चालेल. फोनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग थोडं खाली ओढा.

कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग असेल तर दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो घ्या आणि घरी जोडा. ट्रायपॉड नसेल तर खांबाला, गाडीच्या टपाला टेकून घ्या. जोडताना हात आवरता ठेवा. डोंगराच्या कडेला उजळ झालर दिसायला लागली की समजा, जास्त झालं. बऱ्याच फोनचा एचडीआर (असे फोटो आपोआप जोडणारी सोय) ही झालर स्वतःहून आणतो. तो बंद करता येत असेल तर एक फोटो बंद करूनही काढून ठेवा. अर्धी काळी असलेली ग्रॅज्युएटेड फिल्टरची काच समुद्रावर छान चालते, गोठ्यापुढे नाही. तिची सरळ रेघ छपराच्या कोनातून जाते आणि आढं काळं पडतं.

आणि अकरा-बाराच्या उन्हात पोचलातच तर डोंगराचा नाद सोडून गोठ्यात शिरा, अर्थात विचारून. जुन्या छपरात एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. दुपारी त्यातून उन्हाचा खांब थेट गव्हाणीवर उतरतो, वैरणीचा भुगा त्यात तरंगताना दिसतो. हाच फोटो सकाळी मिळत नाही. मोजमाप त्या उजेडाच्या पट्ट्यावर करा, बाकीचं काळं राहू दे. फ्लॅश मारू नका. गुरं बुजतात, दाव्याला हिसका बसतो, आणि घरच्या माणसाचा आपल्यावरचा विश्वास जातो.

डोंगर लहान का येतो

हा दोष उन्हाचा नाही, पायांचा आहे, आणि मला सगळ्यात उशिरा कळला. सगळं मावावं म्हणून आपण वाइड लेन्स लावतो किंवा फोनची ‘१ एक्स’ लिहिलेली साधी लेन्स वापरतो, जी बहुतेक फोनवर २४-२६ मिमीच्या आसपासची असते. आणि गोठा मोठा यावा म्हणून त्याच्या जवळ जातो. इथंच चूक होते.

हिशेब करून बघा. गोठा ५ मीटर उंच आहे आणि तुम्ही त्याच्यापासून १० मीटरवर उभे आहात. तो डोळ्यापुढे सुमारे २७ अंशांचा कोन व्यापतो. मागचा गड पायथ्यापासून ५५० मीटर उंच आणि ४ किलोमीटर दूर आहे असं धरा. त्याचा कोन फक्त ८ अंश. गोठा गडाच्या तिप्पट-चौपट दिसणार. आता गोठ्यापासून मागे मागे जात १०० मीटरवर या. गोठ्याचा कोन ३ अंशांवर येतो. गडाचा? चार किलोमीटरांत नव्वद मीटरची भर म्हणजे नगण्य. तो ८ अंशच राहतो. आता गड गोठ्याच्या अडीचपट दिसतो, म्हणजे गावात उभं असताना मनाला जसा वाटतो तसा. त्या जागेवरून १०० मिमीची लेन्स लावली की आडव्या फोटोच्या निम्म्याहून जास्त उंचीत गड बसतो. २४ मिमीवर तोच गड चौकटीच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी भरत होता.

लेन्सनं डोंगर मोठा होत नाही. आपण मागे गेल्यानं गोठा लहान होतो, आणि लांब लेन्स ते दृश्य चौकटीत भरते. म्हणून फोनवर तीन एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि खाचरांच्या बांधावरून मागे चालत जा. नुसतं बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र फुटतं, पण चार पावलं मागे गेल्याचा फायदा त्यातही मिळतो. उभ्या पिकातून मात्र जाऊ नका. भात कापणीपर्यंत बांधावरच राहा.

इतक्या लांबून फोकस कशावर करायचा हाही प्रश्न नेहमी येतो. १०० मिमी, एफ ८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा असेल तितकं छिद्र बारीक), फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असलेला कॅमेरा असेल तर हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथं फोकस केला की पलीकडचं सगळं स्पष्ट येतं ते, साधारण ४२ मीटर. गोठा त्याच्या पलीकडे, १०० मीटरवर आहे. सरळ गोठ्यावर फोकस करा, गडही स्पष्ट येतो. एफ २२ पर्यंत जाण्याची गरज नाही, उलट तिथं सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

निळसर पडदा

डोंगर छोटा नाही, गोठाही काळा नाही, तरी मागचं सगळं दुधात बुडवल्यासारखं येतं. यात दोन प्रकार आहेत आणि ते आधी ओळखायला हवेत. स्वच्छ हवेतही दूरचा डोंगर निळा दिसतो, तो हवेच्या कणांनी विखुरलेल्या उजेडामुळे. यावर पोलरायझर (लेन्सपुढे लावायची, चकाकी कापणारी फिरती काच) चालतो, पण सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला असेल तेव्हाच पुरता. सकाळी भंडारदऱ्याहून कळसूबाईच्या रांगेकडे बघताना तो खरंच पडदा सारतो. सूर्य पाठीमागे असताना रतनगडावर त्याचा उपयोग थोडाच. वाइड लेन्सवर तो लावला तर आकाशाचा एकच पट्टा गडद निळा होतो आणि डाग पडल्यासारखं दिसतं.

दुसरा प्रकार धुराचा आणि धुळीचा. होळीनंतर मेपर्यंत या भागात भाताच्या आणि नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात, पालापाचोळा, शेणकूट पसरून जाळतात. डोंगरावर गवताचे वणवेही लागतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवा दरीत बसते आणि चुलींचा धूर तिच्यात अडकतो. हा पडदा राखाडी असतो आणि पोलरायझर त्याला हलवू शकत नाही. सॉफ्टवेअरमधला डिहेझ (धुरकटपणा कमी करायची सोय) थोडा चालतो, जास्त ओढला की आकाशात जाळी उमटते. माझ्या मते अशा दिवशी दूरचे डोंगर थरांसारखे, एकामागून एक फिके होत गेलेले घ्यावेत आणि गोठा पुढे गडद ठेवावा. धुराशी भांडून काढलेला फोटो मला कधीच आवडलेला नाही.

स्वच्छ हवा हवी असेल तर पाऊस सरल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे गाठा. सोनकी फुललेली असते, धबधब्यांना पाणी असतं, आणि परतीच्या पावसाच्या एखाद्या सरीनंतरच्या सकाळी पलीकडच्या रांगेवरची झाडंसुद्धा वेगळी दिसतात.

पावसाळ्यात पहिले सगळे फोटो धुरकट

घाटघरला नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं चेरापुंजी म्हणतात. तिथं जुलैत गाडीतून उतरून फोटो काढला की पहिले पंधरा-वीस फोटो मऊ, चमक नसलेले येतात. लेन्स बिघडलेली नसते. एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं, थंड पेल्यावर धरतं तसंच. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा थोड्या खाली घ्या, कॅमेरा बंद बॅगेत ठेवा आणि बॅगेतच त्याला हवेशी जुळू द्या. काच शर्टानं पुसू नका. वाफ लगेच परत येते आणि वर ओरखडे पडतात. घरी आल्यावर सगळं उघडं ठेवून वाळवा. दमट बॅगेत आठवडाभर राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, माझी एक लेन्स तशी गेली.

धुक्यात कॅमेरा दुसरी चूक करतो. त्याला सगळंच राखाडी करायचं असल्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं बटण, +०.७ ते +१ वर ठेवा. उलट, चौकटभर ओला काळा कातळ असेल तर कॅमेरा त्याला उजळवून फिका करतो, तिथं −०.७. हे एक बटण कळलं तरी पावसाळ्यातले निम्मे फोटो सुधारतात.

जुन्या गोठ्यांसाठी मला पावसाळाच सगळ्यात जवळचा वाटतो. ढगाळ उजेड वळचणीच्या आत पोचतो, कुठंही कडक सावली नाही. ओली कौलं गडद तांबडी होतात, त्यांवरचं शेवाळ पेटल्यासारखं हिरवं दिसतं. पोलरायझर इथं आकाशासाठी नको, पानांवरची आणि कौलांवरची चकाकी काढायला लावा. आकाश चौकटीत घेऊच नका, पांढऱ्या पट्टीशिवाय त्यातून काही मिळत नाही.

भिंती कलतात, तारा मधे येतात, छपरावर निळं काहीतरी असतं

भिंती आत कलल्यासारख्या दिसतात कारण आपण कॅमेरा वर उचलतो. कॅमेरा सपाट धरा, त्यासाठी मागे या किंवा उंच बांधावर चढा. पण आधी नुसत्या डोळ्यांनी गोठा बघा. साठ-सत्तर पावसाळे काढलेला गोठा खरोखरच एका अंगाला झुकलेला असतो, आढं मधे खचलेलं असतं. ते सॉफ्टवेअरनं सरळ केलंत तर जे बघायला थांबलो तेच पुसलं जातं. मेढ उभी नसेल तर धरणाच्या पाण्याची रेघ आडवी आहे का ते बघा आणि चौकट त्यावर लावा.

विजेच्या तारांसाठी दोन पावलं डावी-उजवीकडे आणि एकदा गुडघ्यावर, एवढं करून बघा. बहुतेक तारा खाली बसल्यावर डोंगराच्या काळ्या भागात हरवतात.

कोऱ्या पत्र्याची चमक पोलरायझरनं जात नाही, धातूवरच्या परावर्तनाला तो लागू पडत नाही. जागा बदलणं हाच उपाय.

निळ्या ताडपत्रीबद्दल माझं मत बदललं आहे. आधी मी ती फोटोतून पुसत असे. पण दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात, माकडं ती फोडतात, फुटलेल्या जागी तसंच जुनं कौल मिळत नाही आणि ते काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेनं १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यापासून ही मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि मग घाटावर पसरली, आता त्यांच्या जागी पत्रा येतो आहे. ताडपत्री म्हणजे त्या घरानं आपला गोठा अजून एक पावसाळा धरून ठेवला आहे. मी ती आता चौकटीत ठेवतो. एखादं कौल खाली पडलेलं दिसलं तर उलटून बघा, कारखान्याचं नाव आणि शिक्का उमटलेला असतो. त्याचा जवळून एक फोटो घ्या.

गाडी कुठं थांबवता हेही फोटोइतकंच महत्त्वाचं. वळणावर, अरुंद पुलावर, कुणाच्या खळ्यात गाडी लावू नका. पुढे रुंद जागा बघून लावा आणि मागे चालत या. चालताना, गाडीतून न दिसलेले दोन गोठे दिसतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

माझी भाची अमेरिकेत असते. तिनं मागच्या उन्हाळ्यात वायोमिंगमधल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातून फोटो पाठवले. तिथं मॉर्मन रो नावाच्या जुन्या वस्तीतले लाकडी गोठे आहेत आणि त्यांच्यामागे ४,१९९ मीटर उंचीचा ग्रँड टेटन. फोटो दुपारी चारचे. डोंगर फिका, गोठा काळा. मी फोनवर एवढंच विचारलं, “डोंगर कुठल्या बाजूला आहेत गं?” पश्चिमेला होते. “मग उद्या उजाडायच्या आधी जाऊन उभी राहा, आणि गोठ्यापासून लांब.” दुसऱ्या दिवशीचा फोटो तिनं छापून आमच्या दिवाणखान्यात लावायला पाठवला आहे.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे. रतनवाडी, आजींचा गोठा, डिसेंबरचा दुसरा आठवडा. तोंड पश्चिमेला, लेन्स १०५, एफ ८. गडाच्या टोकावर ऊन सातच्या सुमारास, कौलांवर पावणेआठच्या आधी, दारात आठच्या आत. उजवीकडचा खांब चौकटीत येतो, एक बांध डावीकडे सरकायचं. आजींसाठी आठ बाय दहाची प्रिंट न्यायची, गुरांसकट असलेली.